नवमीचं लोखंड

मला कुणी ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि माझं कामच असं, की शेडवर आलेला प्रत्येक पाहुणा आणि हार घालणारा प्रत्येक पुढारी हटकून तेच म्हणतो. मी जुन्या लोखंडाची मोठमोठी शिल्पं करते, चौकात नाहीतर माळावर उघड्यावर उभी राहणारी. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, छन्नी-हातोडा आणि तासगावजवळ भाड्यानं घेतलेलं बेदाण्याचं जुनं शेड, एवढा माझा संसार. तिथं आता द्राक्षं सुकत नाहीत, पण ऊन चढलं की अजून आंबूस-गोड वास सुटतो. लोक येतात, इकडंतिकडं बघतात आणि म्हणतात, मॅडम, तुम्ही कचऱ्यातून कला करता. कचरा तुमच्या डोक्यात, असं माझ्या तोंडावर येतं. कधीकधी बाहेरही पडतं.

माझं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्म मेंढरांमागं काढला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, रानारानात खतासाठी मेंढरं बसवत पार पाटणच्या डोंगरापर्यंत जायचं आणि पाऊस जवळ आला की परत फिरायचं. मग त्यांना काचबिंदू झाला. दवाखाना गाठेपर्यंत दोन्ही डोळे गेले. कळप विकला. आता ते सगळं हातानं बघतात. मी माहेरी गेले की आधी माझ्या हाताचे चटके मोजतात, मग शिव्या घालतात आणि मग भाकरी वाढायला सांगतात.

आबांना माझं काम कधी कळलं नाही असं मला वाटायचं. एकदा ते शेडवर राहायला आले आणि अर्धवट झालेल्या बैलाला शेपटीपासून शिंगापर्यंत चाचपून म्हणाले, “ह्येच्यापेक्षा मेंढा कर की गं. बैल काय, कुणीबी करतंय.” ते माझ्या डोक्यात बसलं.

पुढं एका शहराच्या नगरपालिकेचं बोलावणं आलं. शहर आमच्याच भागातलं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीची शहरं हसतील, आणि त्यांनी हसण्यासारखं काही नाही. स्वच्छतेच्या स्पर्धेत चौकात भंगाराचं शिल्प असलं की गुण मिळतात म्हणे. म्हणून त्यांना शिल्प पाहिजे होतं. तिथल्या इंजिनिअर साहेबांच्या डोक्यात मोर होता. मोर नको असेल तर कमळ. मी म्हटलं, मेंढा करते.

“मेंढा?” साहेब म्हणाले. “सिंह करा की मॅडम. काहीतरी रुबाबदार.”

“सिंह तुमच्या तालुक्यात कुणी बघितलाय का? मेंढरं मात्र दरसाल याच चौकातनं जातात, आणि तुमचे लोक हॉर्न वाजवून त्यांना बिथरवतात.”

कसं काय ते माहीत नाही, पण मेंढा पास झाला.

आता भंगार मिळायला काय, पैशाला पासरी. दुकानात जावं, काट्यावर घालावं, उचलून आणावं. पण या मेंढ्याला मला दुकानातलं लोखंड नको होतं. मला आमच्या गावचं पाहिजे होतं, आणि आमच्या गावचं लोखंड मिळणं सोपं नाही. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन, घोंगड्यावर मांडून पुजतात. भंडारा लावतात, म्हणजे हळदीची पिवळी पूड. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, सगळं. आणि जे लोखंड एकदा नवमीला पुजलं ते पुढं मोडलं, झिजलं, तरी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचं नाही. ज्यानं पोट भरलं त्याचं वजन करायचं नसतं, असं म्हणतात. मग ते आढ्याला खोचलेलं असतं, नाहीतर परड्यात दगडाखाली. घरोघरी असं म्हातारं लोखंड पडून आहे आणि दर नवमीला त्यालाही भंडारा लागतो.

ते मागायला मी आणि आबा घरोघरी फिरलो. मी पुढं, आबांच्या काठीचं टोक माझ्या हातात. पहिल्यांदा कुणी तयार होईना. आमच्या शेजारची आज्जी, जी मराठी बोलता बोलता कानडीत शिरते, तिनं तर खुरपं पदराखाली लपवलं.

“वितळवशील तू.”

“न्हाई वितळवणार आज्जी. हाय तसं बसवीन. कुणाचंबी बघून वळखंल असं.”

“आन नवमीला?”

आबांनी उत्तर दिलं. “नवमीला आपुन सगळी जाऊ तितं. ज्येनं त्येनं आपापल्या अवजाराला भंडारा लावायचा. मेंढा काय घरात ठेवायचा न्हाई, उगड्यावर हाय. हात लावायला कोन आडवतंय?”

म्हातारीनं खुरपं दिलं. मग बाकीच्यांनी दिलं. शब्द आबांनी दिला होता, पण माझ्यासाठी दिला होता. आबांनी आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडल्याचं गावात कुणी सांगू शकत नाही. म्हणून तर लोखंड मिळालं. माझ्या कलेकडं बघून कुणी एक खिळा दिला नसता.

आबांनी स्वतःची कातर दिली. तिच्या मुठीवर सुतळी गुंडाळलेली होती, ती मी काढली नाही आणि वेल्डिंग करताना ओलं फडकं धरून वाचवली.

मेंढा मी मान खाली घातलेला केला, चरत असल्यासारखा, म्हणजे तोंडापर्यंत माणसाचा हात पोचावा. शिंगं बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावांची, तापवून वळवलेली. अंगावरची लोकर द्राक्षबागांतल्या जुन्या तारेची, वेटोळी करून. आणि तोंड, मान, छाती सगळी गावच्या अवजारांची. आज्जीचं खुरपं डाव्या डोळ्याखाली. आबांची कातर उजव्या कानाच्या जागी, अर्धी उघडी. शाळेच्या गुरुजींनी गोळाफेकीचे दोन गंजलेले गोळे दिले होते. ते कुठं बसवले हे गुरुजींना कळल्यावर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण आबांनी सांगून ठेवलं होतं, मेंढा म्हटला की माणूस आधी मागच्या पायांत हात घालून बघतो.

आबा शेडवरच राहिले होते. मी जोडत जायची, ते चाचपत जायचे. “ह्यो पाटलाचा कोयता. ह्याला खाच हाय.” “ह्यो कुनाचा?” रंग मी लावणार नव्हते. गंज येऊ द्यायचा, वरून तेल पाजायचं. गंज म्हणजे घाण नव्हे, लोखंडाचं कातडं असतं ते. हे मी इंजिनिअर साहेबांना सांगितलं होतं आणि साहेबांनी मान डोलावली होती. मानेचं काय, ती डोलतेच.

ट्रेलर आणि क्रेन आणून मेंढा चौकात उभा केला. गुडघ्याएवढा साधा दगडी ओटा, बस्स. साहेबांनी दोनच हरकती घेतल्या. मान खाली का, अभिमानानं वर हवी. आणि ते गोळे काढा मॅडम, चौकातनं महिलावर्ग जातो. मी म्हटलं, साहेब, मीही महिलावर्गच आहे. ते हसले. उद्घाटन खंडेनवमीला करू, तुमचं गाव येऊ दे, असं ठरलं. मी तेल पाजून परत आले.

नवमीला अजून अवकाश असताना माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, अभिनंदन. फोटोत मंत्री होते, फीत होती, मागं एक सोनेरी मेंढा होता. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा. असला बटबटीत कोण करतं, म्हणून मी फोटो मोठा करून बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सोनेरी ऑइलपेंट. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांना लावतात तो. नुसता पेंट असता तरी मी एकवेळ घासून काढला असता. त्याच्याखाली पुट्टी भरली होती. अवजारांमधल्या सगळ्या फटी, खाचा, मुठी, पाती पुट्टीनं बुजवून, घासून, मेंढ्याचं तोंड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत केलं होतं. ओट्याभोवती टाइल्सचा हौद, हौदात कारंजं, त्याला निळे-जांभळे दिवे. कडेनं स्टीलचं रेलिंग आणि पाटी : हात लावू नये.

मी फोन लावला.

“मॅडम, सरप्राइज!” साहेब म्हणाले. “मंत्रिमहोदयांची तारीख अचानक मिळाली. कळवायचं राहून गेलं.”

“रंग कुणी लावला?”

“ठेकेदारानं. सुशोभीकरणाचा भाग होता. गंज चढला होता हो, फार घाण दिसत होतं. आणि फिनिशिंगही जरा रफ होतं तुमचं. आता बघा, कसं एकसंध वाटतं.”

रफ! माझ्या गावानं आढ्यावरनं काढून दिलेलं लोखंड, आणि हा माणूस म्हणतो फिनिशिंग रफ होतं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी ते म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नका. आता ती शासकीय मालमत्ता आहे. लोक सेल्फी काढतायत, आणखी काय पाहिजे कलाकाराला?” मी फोन ठेवला आणि शेडच्या पत्र्यावर हातोडा फेकून मारला. पत्र्याला पोचा आला. तो अजून आहे, आणि खरं सांगायचं तर रागही अजून आहे.

मी अर्ज केले, भेटायला गेले, बाकड्यावर बसले. हो म्हणायचं आणि करायचं काही नाही, ही या लोकांची जुनी रीत. मनातनं मला एकच भीती होती. नवमी जवळ येत होती, आणि आबांनी शब्द दिला होता.

मी फोनवर आबांना सांगितलं, औंदा नको, काम चाललंय तिथं. “काम चाललं तर चालू दे,” आबा म्हणाले. “आमी काय तुज्या कामाच्या मदी येतोय? वडापची जीप सांगितलीया.” मी पुन्हा म्हटलं, आबा, त्यांनी रंग दिलाय. “रंग दिला म्हनून कातर जाती व्हय कुटं?” पुट्टीचं मी सांगितलं नाही.

नवमीला सकाळीच मी चौकात जाऊन उभी राहिले. स्कूटीच्या डिकीत माझी छन्नी आणि हातोडा नेहमी असतात, त्या दिवशीही होते. जीपमधून सगळे उतरले. बायका नवी लुगडी नेसलेल्या, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात भंडारा, नारळ, झेंडूची फुलं. आबांनी डोक्याला ठेवणीतला पटका बांधला होता. जत्रेला यावं तशी माणसं आली होती. आणि रेलिंगपाशी येऊन सगळी एकदम थांबली.

“इदेनव्वा?” शेजारची आज्जी मला म्हणाली. कानडीत, हे काय गं बाई, असं. तिला मेंढ्याचं तोंड दिसत होतं आणि त्यात खुरपं दिसत नव्हतं. मग तिचं लक्ष कारंज्याकडं गेलं. आमच्या गावात टँकर येतो तेव्हा येतो, आणि आला की बायका एकमेकींच्या घागरी ढकलतात. “येवडं पानी कुनाला?”

“शोभेचं हाय आजी,” तिथला वॉचमन म्हणाला. “टँकरनं भरत्यात.”

आज्जीनं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, तिनं मला शिवी द्यावी. दिली नाही.

आबांना हे काही दिसत नव्हतं. त्यांनी काठी पुढं केली, ती रेलिंगला लागली. “ह्ये काय?” कुंपण आहे, मी म्हटलं. “कुनासाटी?” त्यांनी धोतर वर खोचलं, रेलिंगवर मांडी टाकली आणि पलीकडं हौदात उतरले. मी त्यांच्या मागं. गुडघाभर पाणी. वॉचमननं शिट्टी मारायला सुरुवात केली.

“ओ बाबा! हात लावायचा नाही! बाहेर या!”

“आरं थांब की गड्या,” आबा म्हणाले. “माजी वस्तू हाय ती.”

ते सवयीनं आधी मागच्या अंगाला गेले आणि पायांत हात घातला. तिथं काहीच नव्हतं. गोळे ग्राइंडरनं कापून काढले होते आणि वर पुट्टी फासली होती. हे मलाही फोटोत दिसलं नव्हतं. आबांचा हात तिथंच फिरत राहिला.

“खच्ची केला की गं ह्येला,” ते म्हणाले.

काठावरचं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग आबा अंगावरनं हात फिरवत पुढं आले. लोकर हाताला लागेना, तारेची वेटोळी सगळी भरलेली. मान, मग तोंड. दोन्ही हातांनी ते तोंड धरून उभे राहिले, कपाळापासून नाकापर्यंत बोटं खाली-वर करत. एकेका अवजाराचं माप पाठ असलेली ती बोटं नुसती घसरत होती. उजव्या कानाला त्यांनी तळवा लावला, नखानं खरडलं. काही लागलं नाही.

“माजी कातर कुटं हाय?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. कळप मोजताना एक कमी भरलं की विचारायचे तसा. “ह्यो आपला मेंढा न्हवं. तू मला दुसरीकडं आनलंयास.”

मला रडू आलं नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. मी हौदातनं बाहेर आले, डिकी उघडली, छन्नी-हातोडा घेतला आणि परत आत उतरले. वॉचमन मध्ये आला. मी म्हटलं, बाजूला हो दादा, तुझ्याशी माझं भांडण नाही. तो बाजूला झाला आणि फोनवर बोलायला लागला.

कानावर पहिला ठोका घातला. सोनेरी ढपली उडाली आणि पाण्यात पडली. खालची पुट्टी पांढरी, पिठासारखी. ती मी टोकरत गेले, अलगद, मुठीची सुतळी सांभाळत. पातं उघडं पडलं, मग दुसरं. मी आबांचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी मूठ चाचपली, सुतळी चाचपली आणि लांब श्वास सोडला.

“हाय,” ते म्हणाले. कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून त्यांनी कातरीला चिमूटभर भंडारा लावला, कपाळ टेकवलं. मला वाटलं, झालं. मी हातोडा खाली घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं.

आबा माझ्याकडं तोंड करून उभे होते. “आन बाकीच्यांचं?”

मी काठाकडं बघितलं. सगळं गाव रेलिंगला लागून उभं होतं, हातात ताटं. कुणी काही मागत नव्हतं. माझ्या बापाची कातर मोकळी झाली म्हणून आनंद झालाय, असंच दाखवत होते. माझी मलाच लाज वाटली, आणि त्या लाजेनं राग आणखी चढला.

“आज्जी,” मी हाक मारली. “तुमचं खुरपं डाव्या डोळ्याखाली हाय. या आत.”

म्हातारी लुगडं आवरून त्या शोभेच्या पाण्यात उतरली. मग बाकीची उतरली. मी फोडत होते, ते पुजत होते. इंजिनिअर साहेब पोलिसांना घेऊन आले तोवर अर्धं तोंड उघडं पडलं होतं आणि कारंज्याचं पाणी भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. साहेब काठावरनं ओरडत होते, मॅडम, ही सरकारी मालमत्ता आहे, तुम्ही विद्रूप करताय. मी म्हटलं, साहेब, विद्रूप तुम्ही केलंत. मी तोंड धुतेय नुसतं. मला हौदातनं बाहेर काढलं तेव्हा हातोडा त्यांनी काढून घेतला.

माझ्यावर गुन्हा दाखल आहे. माफी लिहून दिली तर मिटवू, पुढच्या चौकाचं कामही देऊ, असा निरोप आला होता. मी माफी लिहून दिली नाही. तारखा पडतात, मी जाते. मेंढ्याच्या तोंडावर त्यांनी पुन्हा पुट्टी भरली, पुन्हा सोनेरी रंग दिला, आणि रेलिंग छातीएवढं उंच केलं. गोळे कुठं गेले ते कुणी सांगत नाही.

आता पुन्हा नवमी जवळ आलीय, म्हणून परवा हे सगळं मी आबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी, कुठं नादाला लागतीस. ते म्हणाले, “शिडी घिऊन ये. आन औंदा दोन छन्न्या आन. एक माज्या हातात दे.”